वासा आणि क्वार्केन: फिनलंडच्या स्वीडिशभाषक किनाऱ्यावर

आपल्याकडचे टूरवाले फिनलंड म्हटलं की हेलसिंकी आणि लॅपलंड दाखवतात. आम्ही पश्चिम किनाऱ्यावरचं वासा निवडलं. हेलसिंकीहून रेल्वेने साधारण चार तास. काही गाड्या सेइनायोकीला बदलाव्या लागतात, तिकीट काढताना तेवढं बघून घ्या.

देशात स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच टक्के, पण या पट्ट्यातल्या कित्येक गावांत तेच बहुसंख्य. वासात पाट्यांवर फिनिश वर असते. शेजारच्या कोर्सहोल्ममध्ये शिरलं की स्वीडिश वर. कोर्सहोल्मचंच फिनिश नाव मुस्तासारी, तेव्हा नकाशात दोन्ही नावं शोधा. इंग्रजीवर सगळीकडे भागतं.

खरा बघण्यासारखा आहे तो क्वार्केनचा, म्हणजे फिनलंड आणि स्वीडनमधल्या अरुंद समुद्रातला, द्वीपसमूह, २००६पासून जागतिक वारसा. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन इथे अजून वर येतेय, वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर. बंदरं उथळ होतात, होड्यांच्या शेडपासून पाणी दूर जातं. नव्याने वर आलेली जमीन सहसा काठावरच्या घरमालकाला मिळत नाही, ती त्या पाण्याच्या सामाईक मालकांची. भावकीच्या वादांत मुरलेल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल! जुनं वासासुद्धा आता समुद्रापासून आत आहे. १८५२च्या आगीत ते जळालं आणि नवं शहर किनाऱ्याजवळ वसवलं. आगीतून वाचलेली न्यायालयाची इमारत आज चर्च आहे. जाता जाता बघा.

गाडी भाड्याने घ्याच, बसवर विसंबू नका. १०४५ मीटर लांबीचा रेप्लोट पूल ओलांडून बेटांवर, ब्योर्कोबी गावामार्गे स्वेडयेहाम्न बंदराला जायचं. तिथून सॉल्टकारेट मनोऱ्यावर चढा. पाण्यात समांतर पडलेले दगडगोट्यांचे बांध वरूनच नीट कळतात, खालून नुसते दगड दिसतात. बोडवाट्नेटची पायवाट सुमारे चार किलोमीटर, खडबडीत. चपला नकोत, बूट हवेत. डासांचं औषध न्या आणि गवतातून आल्यावर गोचिडी तपासा.

जून ते ऑगस्ट उत्तम. जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो, म्हणून घाई नाही. बेटांवर खाण्यात मासेच जास्त. शाकाहारी असाल तर वासातच पाव, चीज आणि नार्पेसचे टोमॅटो भरून घ्या. नार्पेस हा दक्षिणेकडचा हरितगृहांचा गाव, तिथे मुख्यतः स्वीडिश चालते.

पुढे स्वीडनला जायचं असेल तर वासाहून उमेओची फेरीबोट आहे, साधारण साडेतीन-चार तासांची. एकच शेंगेन व्हिसा पुरतो. घड्याळ मात्र एक तास मागे करा.