पेशीचा आवाज ऐकायला सात महिने लागले

बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, तेव्हा दांडिया बाजारात जो भेटेल तो विचारायचा, "आता बी.एड. का?" मला मात्र मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात ते बघायचं होतं. नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप (जेआरएफ) दुसऱ्या खेपेला मिळाली आणि २०१९ मध्ये बेंगळुरूला पीएच.डी.ला लागले.

प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, "चेतातंतूतला संदेश पुढेच का जातो, मागे का फिरत नाही?" सोडियम चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली सोडियम आत सोडणारी दारं, एकदा उघडून गेले की थोडा वेळ निष्क्रिय राहतात, हे मला पाठ होतं. पण म्हणूनच संदेशाला मागची वाट बंद असते, हा संबंध फळ्यावर आकृती काढता काढता पहिल्यांदा लक्षात आला.

खरी परीक्षा पॅच क्लॅम्पची, म्हणजे एकेका पेशीतले विजेचे संदेश टिपायच्या तंत्राची. याच तंत्रानं पेशीतल्या एकेका चॅनलचं काम उलगडल्याबद्दल नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना १९९१ चं नोबेल मिळालं. उंदराच्या मेंदूचे ३०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप बर्फगार द्रावणात कापायचे, जेमतेम मायक्रॉनभर तोंडाची काचेची नळी पेशीला टेकवायची आणि तोंडानं हवा हलकेच ओढून घ्यायची. पेशीचं आवरण काचेला घट्ट चिकटलं की सील झालं. माझं सात महिने झालं नाही. काप नळी लावायच्या आधीच मेलेले असत, पेशी फुगलेल्या. एक जीव वाया गेला, हे रोज मनाला लागायचं.

शेवटी एका सीनियर ताईनं माझी द्रावणाची बाटली दिव्यासमोर धरली. किंचित गढूळ होती. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सोडून द्रावणाचा सामू खाली आणायच्या आधीच मी कॅल्शियम घालत होते, म्हणून ते साक्यासारखं खाली बसत होतं. क्रम बदलला आणि त्याच आठवड्यात सील झालं. पेशीचे संदेश ऐकवणाऱ्या स्पीकरवर टक्, टक्टक्, टक् असा आवाज सुरू झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बडोद्याला फोन लावून मी तो स्पीकरपाशी धरला. आई बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "अगं, हे जिवंत आहे."

फेलोशिप तेव्हा महिना ३१,००० होती; जानेवारी २०२३ पासून नव्या मुलांना ३७,००० मिळतात. पण ती एकदा पाच महिने आलीच नाही. शिवाय ती पाच वर्षांची आणि माझं काम सहा वर्षं चाललं. शेवटचं वर्ष आईच्या पेन्शनवर काढलं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते आहे.

बडोद्यातून या वाटेनं जाऊ बघणाऱ्या मुलींनो, एम.एस्सी.च्या सुट्टीत देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज जरूर भरा. दोन महिने प्रयोगशाळेत काढले की आपल्याला हे काम सोसतं का, ते आपलं आपल्याला कळतं. मी सध्या पोस्टडॉकचे, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या कामाचे, अर्ज लिहिते आहे. दोन ठिकाणांहून नकार आलाय, तिसरीकडची मुलाखत गुरुवारी आहे.