चर्चवाल्यांना हे जमतं कसं?

इथे अमेरिकेत गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या फराळाला, नाहीतर भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या पंक्तीत, हा प्रश्न येतोच. ‘तुम्ही त्या लुथरन चर्चच्या लोकांबरोबर वादळानंतर घरं साफ करायला जाता ना? एवढ्या झटपट पोचतात कसे ते? आणि आपल्या मराठी मंडळाला का नाही जमत?’ मग आवाज जरा खाली आणून, ‘बाटवत-बिटवत नाहीत ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि शेवटच्या प्रश्नापासूनच सांगते, कारण तो मनात असला की बाकीचं कुणी धड ऐकत नाही.

नाही बाटवत. मी संकष्टी करते हे या लुथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, मंडळींना ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्यापुढे सँडविच कुणी ठेवत नाही. काम संपलं की घरमालकाला विचारतात, प्रार्थना केली तर चालेल का? चालेल म्हटलं तर गोल उभे राहून दोन मिनिटं डोळे मिटतात. नको म्हटलं तर फावडी, पहारी गाडीत टाकून पुढच्या घरी. हे सगळं निव्वळ समाजसेवा म्हणून चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. ते येशूसाठी करतात आणि तसं उघड सांगतात. कुणाला तेवढंही खटकेल. मला नाही खटकत, कारण कुणाच्या घरी जायचं हे ठरवताना ते धर्म विचारत नाहीत.

आता झटपट पोचण्याबद्दल. मी टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहराच्या पश्चिम भागात राहते, माहेर सांगलीचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. २५ तारखेला रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं आणि मग पुढे जाईचना, टेक्ससवरच घुटमळत बसलं. नेदरलँड नावाच्या गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. आमच्या बाजूला अॅडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, शहर पुरापासून वाचावं म्हणूनच बांधलेली. ती भरत आली तेव्हा २८ च्या पहाटे पाणी सोडायला सुरुवात झाली आणि बफलो बायू या नदीच्या काठची घरं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पाणी उतरल्यावर आमच्या भागात शिरलेल्या पहिल्या लोकांत जवळच्या लुथरन चर्चची मंडळी होती. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले दोन-चार कागद होते. कोण एकटं राहतं, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो आणि त्याचा फोन नंबर काय. ट्रक कुणाकडे आहे, चेनसॉ कुणाला चालवता येतो, जनरेटर कुणाचा, सुट्टीवरची नर्स कोण. ती यादी हेच माझ्या मते अर्धं उत्तर आहे.

यादी वादळात होत नाही. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून यादी मे महिन्यात होते, आणि ती बैठक इतकी कंटाळवाणी असते की काय सांगू. पातळ कॉफी, शिळे डोनट, आणि एक निवृत्त गृहस्थ एकेक नाव वाचत जातात. ह्यांनी घर बदललं का? त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, यंदा शिडीवर चढवू नका. विम्याच्या कागदांचे फोटो कुठे ठेवलेत? बाप्तिस्म्याची, लग्नांची जुनी रजिस्टरं स्कॅन झाली का, आणि मूळ प्रती वरच्या मजल्यावर गेल्या का? गॅस आणि पाण्याचे कॉक कुठे आहेत हे पास्टरखेरीज आणखी कुणाला माहीत आहे? पास्टरच गावाला गेला असेल तर निर्णय कोणाचा? बाहेरगावची पथकं आली तर झोपवायचं कुठे, अंघोळीची सोय काय? दरवर्षी हेच प्रश्न, आणि दरवर्षी कुठलं तरी उत्तर बदललेलं असतं.

२०२४ च्या जुलैत बेरील वादळ आलं तेव्हा पाण्यापेक्षा वीज गेल्याने जास्त हाल झाले. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात, आणि वर टेक्ससचा उन्हाळा. तेव्हा यादी घेऊन बसायचं आणि एकेकाला फोन करायचा, एवढंच काम होतं. पंखा नाही, औषध फ्रीजमध्ये आहे, जनरेटर गॅरेजमध्ये लावलाय. हे शेवटचं ऐकलं की फोन न ठेवता तो बाहेर काढायला लावायचा, घरापासून चांगला वीस फूट लांब, कारण त्याचा धूर बंद जागेत माणूस मारतो.

पुराचं काम वेगळं. इथल्या घरांच्या भिंती सहसा भरीव विटांच्या नसतात. लाकडी सांगाडा, त्यावर घराच्या आतून शीटरॉक, म्हणजे कागदात दाबलेलं जिप्सम, आणि मध्ये कापसासारखं इन्सुलेशन. पाणी फूटभर चढलं तरी हे सगळं वात ओढते तेल तसं वर ओढून घेतं, आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. सांगलीत आम्ही गाळ काढायचो, फरशी धुवायचो, भिंतीला पुन्हा रंग द्यायचो. इथे भिंतच काढावी लागते. बऱ्याचदा चार फुटांवर सरळ रेघ मारून कापतात, कारण शीटरॉकचा तक्ता चार फूट रुंद येतो आणि नवा तिथे नेमका बसतो. त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो, विम्यासाठी आणि फेमासाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत खात्यासाठी. मग पहार, घमेलं, मास्क. सांगाडा उघडा पडला की पंखे लावून वाळवायचा, लाकडातला ओलावा यंत्राने मोजायचा, आणि आकडा उतरल्याशिवाय भिंत झाकायची नाही. घाईने झाकलेल्या भिंतीत बुरशी आत वाढत राहते.

यातलं बरंचसं लुथरन पथकांच्या प्रशिक्षणात शिकवतात. मिसुरी सिनॉड या लुथरन पंथाची पथकं आहेत, त्यांना लर्ट म्हणतात. दुसरा मोठा लुथरन पंथ ईएलसीए, त्यांची लुथरन डिझास्टर रिस्पॉन्स ही वेगळी यंत्रणा. दोघांचं धर्मशास्त्रावर जमत नाही, एकाकडे स्त्रिया पास्टर होतात, दुसऱ्याकडे नाही. त्या वादात मी पडत नाही; देशस्थ-कोकणस्थ ऐकून कान तयार आहेत माझे.

दुसरं अर्धं उत्तर वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांमधल्या कामाच्या वाटणीत आहे. बाप्टिस्ट मोठाली फिरती स्वयंपाकघरं आणून हजारोंचं जेवण रांधतात. मेनोनाइट सुतारकाम करून घरं पुन्हा उभी करतात. अॅडव्हेंटिस्ट आलेल्या मालाची गोदामं सांभाळतात. ब्रेदरन नावाचे लोक निवाऱ्यातल्या पोरांना खेळवतात. मेथडिस्ट एकेका कुटुंबाचे कागद घेऊन बसतात. १९६९ च्या कॅमिल वादळात सगळे एकाच ठिकाणी तीच मदत घेऊन धडकले, म्हणून १९७० पासून या संस्थांचं एक एकत्र व्यासपीठ आहे.

आल्याबरोबर सही करायची, जाताना वेळ लिहायची, यावर आपले लोक हसतात. सेवेची हजेरी कसली? तर सार्वजनिक दुरुस्तीच्या खर्चातला सहसा पाऊण वाटा केंद्राचा आणि पाव स्थानिक सरकारांचा असतो, आणि स्वयंसेवकांचे नोंदलेले तास डॉलरमध्ये मोजून त्या पाव वाट्यात धरता येतात. सही केली नाहीत तर तुमच्या घामाचे पैसे गावाला मिळत नाहीत. देवळांना, चर्चना स्वतःच्या इमारतीसाठी मात्र हे सरकारी पैसे सहसा मिळत नसत. हार्वीनंतर टेक्ससमधली तीन छोटी चर्च कोर्टात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये नियम बदलला. त्याचा लाभ देवळांनाही आहे. हे मंडळातल्या फार कमी जणांना माहीत असतं.

आपल्या मंडळाला का जमत नाही? हार्वीत आपल्या लोकांनी काही कमी केलं नाही. पोळ्या लाटल्या, लोकांना घरात ठेवून घेतलं, सेवा इंटरनॅशनलसारख्या संस्था बोटी घेऊन फिरल्या. पण आपली यादी वर्गणीची असते. तिच्यात नाव, ईमेल आणि व्हेज की नॉनव्हेज एवढंच. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना गाडी चालवता येत नाही आणि इंग्रजीत फोन उचलायला ते घाबरतात, हे कुठेच लिहिलेलं नसतं. गुढीपाडव्याच्या नोंदणी अर्जात तीन रकाने वाढवा असं मी कार्यकारिणीला सुचवलंय. चर्चा चालू आहे.

आणि हो, कपडे पाठवू का, असंही विचारता. नका पाठवू. ओल्या गोदामात जुन्या साड्या आणि कोट निवडत बसायला माणसं लागतात, ती भिंती कापायला हवी असतात. पैसे द्या. नाहीतर शनिवारी सकाळी सातला या, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड तळव्याचे बूट घालून. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या, खिळे फार असतात.