होमस्टेडमधला एक ऑफ तास

सकाळी पावणेसहाला फोन वाजला की समजायचं, आज कुठल्यातरी शाळेत कुणीतरी टीचर आजारी आहे. मी इथे सब आहे, म्हणजे सबस्टिट्यूट टीचर. आपल्याकडे ऑफ तासाला दुसऱ्या बाई यायच्या ना तसं, फक्त इथे त्याचं वेगळं परमिट काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि मग बोलावतील तिथे जायचं. लग्नाआधी मी एका पॉलिटेक्निकला सहा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, नंतर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, इकडे अमेरिकेत आले, वर्क परमिट मिळाल्यावर हे काम धरलं. तर त्या दिवशी शाळेचं नाव होतं होमस्टेड हायस्कूल, विषय फिजिक्स, आणि मी चहा अर्धा टाकून आंघोळीला पळाले.

होमस्टेड म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोमधली सरकारी शाळा. फी नाही, एन्ट्रन्स नाही, तुमचं घर शाळेच्या हद्दीत असलं की झालं, आणि खर्च बराचसा लोकांच्या घरपट्टीतून. १९६२ साली सुरू झाली. तेव्हा ह्या भागात जर्दाळू आणि प्रूनच्या बागा होत्या, त्या तोडून एकेक करत वसाहती उठत होत्या, आणि त्यात राहायला येत होते लॉकहीड, एचपी असल्या कंपन्यांतले इंजिनियर. म्हणजे पोरांच्या गॅरेजमध्ये खेळण्यांच्या जोडीने रेझिस्टर, ट्रान्झिस्टर असले इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग पडलेले असायचे. पुढे ॲपल काढणारे दोघे इथलेच, १९६८ला इथून स्टीव्ह वॉझनियॅक पास झाला आणि १९७२ला स्टीव्ह जॉब्स. त्या दोघांची ओळख करून देणारा बिल फर्नांडिस, जो पुढे ॲपलमध्ये नोकरीलाही लागला, तोही इथलाच. आज ॲपल पार्कची, म्हणजे ॲपलच्या मुख्यालयाची, उत्तरेकडची बाजू ज्या होमस्टेड रोडला लागते त्याच रस्त्याने पश्चिमेला थोडं गेलं की ही शाळा येते. लोकांना एवढंच माहीत असतं, पण मला ह्या शाळेचं वेड लागलं ते एका मास्तरांमुळे.

जॉन मॅककॉलम. आधी नेव्हीत, मग इथे इलेक्ट्रॉनिक्सचे सर. वर्ग भरायचा कॅम्पसच्या कडेला, पार्किंगजवळच्या एका शेडसारख्या इमारतीत, आणि शेजारीच ऑटो शॉप, म्हणजे गाड्या दुरुस्तीचा वर्ग. सरांचं म्हणणं, आता पोरांचं ऑटो शॉप म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. शिस्त एकदम मिलिटरी. त्यांच्याकडे सुट्या पार्टसनी भरलेली एक स्टोअररूम होती आणि तिची किल्ली ते भरवशाच्या मुलांना द्यायचे. जॉब्सला ती कधीच दिली नाही :) तीन वर्षांच्या त्या कोर्सला तो टिकला एकच वर्ष. एकदा त्याला एक पार्ट हवा होता तर पठ्ठ्याने डेट्रॉइटला बरोज कंपनीला कलेक्ट कॉल लावला, म्हणजे फोनचं बिल समोरच्याला, आणि पार्ट मिळवला. सर भयंकर चिडले.

आणि वॉझनियॅक, ज्याने टिकटिकणारा मेट्रोनोम, म्हणजे गाण्याचा ताल धरायचं यंत्र, बॉम्बसारखा सजवून शाळेच्या लॉकरमध्ये ठेवला आणि त्यापायी एक रात्र बालसुधारगृहात काढली, त्याच मुलाला वर्गात शिकवण्यासारखं काही उरलं नाही हे सरांनी ओळखलं. मग त्यांनी सनीवेलच्या सिल्व्हेनिया कंपनीत शब्द टाकला, आणि हा मुलगा आठवड्यातून एकदा तिथे जाऊन आयबीएम ११३० ह्या कॉम्प्युटरवर फोर्ट्रान भाषेत प्रोग्राम लिहायला लागला. १९६७-६८ मध्ये, शाळेतला मुलगा! मला मास्तर म्हणून ह्याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. माझ्यापाशी आहे ते संपलं, आता तू तिकडे जा, हे म्हणायला आणि नुसतं म्हणून न थांबता पुढची व्यवस्था लावायला काळीज लागतं.

तर मी वर्गात पोचले. टेबलावर आजारी पडलेल्या फिजिक्सच्या सरांनी ठेवलेला प्लॅन, सिरीज (एकामागोमाग जोडलेल्या) आणि पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेल्या) सर्किटचं वर्कशीट सोडवून घ्या, लॅबचं कपाट बंद राहू द्या. बरोबरच आहे, सब कोण येणार हे त्यांना थोडंच माहीत असतं. पहिले दोन तास मुलांनी गुपचूप वर्कशीट भरलं. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सहाव्या प्रश्नात पॅरललमधल्या तीन दिव्यांतला एक काढला तर बाकीचे दोन तेवढेच उजळ राहतात असं उत्तर येतं, पण खरंच राहतात का?

मी तोंड उघडलं आणि हो म्हणणार एवढ्यात मला माझं ते पॉलिटेक्निक आठवलं. तिथे सीआरओ, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, कापडाखाली झाकलेला, इन्स्पेक्शन आलं की कापड निघायचं, बल्ब फुटला तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कोण लिहिणार म्हणून बल्बही कपाटात, आणि मुलं सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. त्या रीडिंगवर सहा वर्षं मी सह्या केल्यात. ते आठवून आजही पोटात कालवतं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गातल्या मॅडमकडे गेले. म्हटलं मी हे शिकवलेलं आहे, कपाट उघडता येईल का. त्यांनी दोन प्रश्न विचारले, फ्यूज नसेल तर काय वापराल वगैरे, मग किल्ली घेऊन आल्या, ट्रे काढून दिले आणि दोन्ही वर्गांमधलं दार उघडं ठेवलं. ती मुलगीही सुट्टी सोडून आली आणि तिच्या पुढच्या सरांची परवानगी काढून चौथ्या तासालाही थांबली.

साधे टॉर्चचे बल्ब, एक दीड व्होल्टचा सेल. तिने तीन बल्ब पॅरलल जोडले, एक काढला, आणि उरलेले दोघे किंचित का होईना पण स्पष्ट उजळले. पूर्ण वर्ग उठून बघायला. मग व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावला, तीन बल्ब असताना सेलवर १.२८ व्होल्ट, एकच असताना १.४१. वर्कशीटचं उत्तर आयडियल, म्हणजे कागदावरच्या, सेलसाठी बरोबर आहे, पण खऱ्या सेलच्या पोटातही रेझिस्टन्स असतो, जास्त करंट ओढला की थोडे व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात. इंटर्नल रेझिस्टन्स हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलाय, पण तो डोळ्यांनी दिसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, तेही एका अकरावीच्या मुलीमुळे. पुढे पोरांनीच जुना सेल, नवीन सेल, दोन सेल शेजारी जोडून असं काय काय करून आकडे बोर्डवर लिहिले, आणि मी फक्त शॉर्ट होत नाहीये ना एवढं बघत फिरत होते.

शेवटचा तास संपल्यावर ती मुलगी परत आली, तिला रोबोटिक्सच्या टीमकडे जायचं होतं पण आधी बल्ब मोजून ठेवते म्हणाली. शेजारच्या मॅडमनी किल्ली माझ्याकडे न देता सरळ तिच्या हातात दिली. तिने तीस मोजले, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

मी सरांसाठी चिठ्ठी लिहिली: कपाट शेजारच्या मॅडमच्या परवानगीने उघडलं, बल्ब पूर्ण आहेत. प्रश्न ६ मुलांनी करून पाहिला, आकडे बोर्डवर आहेत, प्लीज पुसू नका.