माद्रिदमधला फ्लॅमेंको : कुठे ऐकावा, कुठे बसावं, कशाकडे लक्ष द्यावं

माद्रिदला जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत प्राडो संग्रहालय, राजवाडा आणि तोलेदोची एका दिवसाची सहल असते. आमच्याही होती. पण मी तिथे गेले ती मुख्यतः फ्लॅमेंको या स्पेनमधल्या गाण्या-नाचासाठी. लहानपणापासून कथक शिकले असल्यामुळे या नाचाबद्दल ओढ होती आणि संध्याकाळी शक्य तेवढे कार्यक्रम पाहायचे असं ठरवूनच निघाले होते. पाहून परत आल्यावर पुढे जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही, की फ्लॅमेंको हे आधी गाणं आहे. गिटार त्या गाण्याला धरून चालते आणि नाच त्या गाण्याला उत्तर देतो. कार्यक्रम कोणता निवडायचा, कुठल्या खुर्चीवर बसायचं, जेवण आधी की नंतर, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवा.

फ्लॅमेंकोचं मूळ माद्रिदमध्ये नाही. ते दक्षिणेला, आंदालुसियात. कादिस, खेरेस आणि सेव्हिल शहराचा त्रिआना भाग इथे. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचलेले खितानो, म्हणजे तिथले रोमा (जिप्सी) लोक, यांचा त्यात मोठा वाटा. रोमांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले होते, हे भाषेच्या अभ्यासावरून सिद्ध झालं आहे. म्हणून फ्लॅमेंको कथकातून आला असं मात्र म्हणता येत नाही. मधे कित्येक शतकं आणि कित्येक देश आहेत, आणि आंदालुसियातली लोकगीतं, अरब आणि ज्यू संगीत हेही त्यात मिसळलेलं आहे. तिथे जाऊन 'हे आमचंच' असं कुणाला सांगू नये, एवढं मनापासून वाटतं.

मग माद्रिद कशासाठी? कलाकार पोटापाण्यासाठी राजधानीत आले म्हणून. 1950च्या दशकात इथे 'ताब्लाओ' सुरू झाले. ताब्लाओ म्हणजे छोटं लाकडी व्यासपीठ, भोवती टेबलं, आणि रोज रात्री कार्यक्रम. 1956 साली सुरू झालेलं कोर्राल दे ला मोरेरिआ राजवाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. 1960 साली ग्रान व्हिया या मोठ्या रस्त्याजवळ तोर्रेस बेर्मेखास उघडलं. आतली सजावट ग्रानादाच्या आलांब्रा महालासारखी. सान फेर्नांदोहून आलेला कामारोन दे ला इस्ला, ज्याला पुढे स्पेनने डोक्यावर घेतलं, तो तरुणपणी इथे वर्षानुवर्षं गायचा. आजही सेव्हिल किंवा खेरेसचे उत्तम कलाकार काही आठवडे माद्रिदमध्ये कामाला येतात, त्यामुळे एका शहरात राहून वेगवेगळ्या गावांची गायकी ऐकायला मिळते.

आता निवड. कोर्राल दे ला मोरेरिआ सर्वात नावाजलेलं आणि महाग. तिथल्या रेस्तराँला मिशेलिनचा ताराही आहे. कलाकार अव्वल असतात आणि खोली लहान आहे. एकच रात्र हाती असेल आणि पैशांचा फार विचार करायचा नसेल तर इथे जा. सान मिगेल बाजाराजवळचं लास कार्बोनेरास मला जवळचं वाटलं. सांता आना चौक आणि एचेगाराय रस्त्याच्या भागात कार्दामोमो आहे. त्याच चौकात बाहेरून रंगीत टाइल्सनी मढलेली व्हिया रोसाची जुनी वास्तू आहे. आत नाही गेलात तरी त्या टाइल्सवरची आंदालुसियाची चित्रं पाहायला दहा मिनिटं थांबा. साधारणपणे एका पेयासह तिकीट 25 ते 50 युरोच्या आसपास पडतं, काही ठिकाणी त्याहून जास्त. ताब्लाओच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधीच काढावं. शुक्रवार-शनिवारी आयत्या वेळी चांगली जागा मिळणं कठीण.

जेवणासह मिळणारं तिकीट घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. एका मोठ्या सभागृहात आम्ही ते घेतलं होतं. गायकाने अतिशय हळुवार सूर लावलेला आणि आजूबाजूला सुरी-काट्यांचा आवाज, वेटरची ये-जा, शिवाय ध्वनिवर्धक इतका मोठा की पायांचा आवाज आणि टाळ्या एकमेकांत मिसळून गेल्या. याउलट पन्नास-साठ माणसांच्या खोलीत, ध्वनिवर्धक नसताना किंवा अगदी कमी असताना, लाकडावर पडणारी टाच, चवडा आणि पूर्ण पाऊल यांचे तीन वेगळे आवाज स्पष्ट कळतात. कथक करणाऱ्याला ते ऐकताना अंगावर काटा येतो. तिथे घुंगरू नाहीत. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात, आणि व्यासपीठ हेच वाद्य असतं.

जागा निवडताना पहिली रांग मागा. व्यासपीठ फार उंच नसतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रांगेतून पाय दिसतच नाहीत. पहिली रांग नसेल तर मागची मधली जागा घेण्यापेक्षा बाजूची पुढची घ्या. बाजूने गायक आणि नर्तकी यांचं एकमेकांकडे पाहणं दिसतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. अनेकदा त्या रात्रीच्या कलाकारांनी एकत्र तालीम केलेलीच नसते. नर्तकी पायांनी एक जोरदार खूण करते, तिला 'यामादा' म्हणतात. त्यावर गायक कडवं सुरू करतो. कडवं चालू असताना ती फारसे पाय वाजवत नाही, शब्दांना जागा देते. ते संपलं की पायांच्या लांब कामाला, 'एस्कोबिया'ला सुरुवात होते आणि शेवट बुलेरिआ या जलद प्रकारात. हा आराखडा मनात असला की एरवी नुसती आदळआपट वाटणारी गोष्ट संवाद म्हणून दिसू लागते.

तालाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या श्रोत्याला हा सर्वात मोठा आनंद आहे. सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं, पण एकताल किंवा चौतालाची विभागणी मनात धरून बसलात तर काही जुळणार नाही. जोर येतो तो 3, 6, 8, 10 आणि 12 या मात्रांवर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन असे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वजन. आपण तिहाई घेऊन समेवर, पहिल्या मात्रेवर येतो. इथे तुकडा बहुधा दहाव्या मात्रेवर बंद होतो, आणि अकरा-बारा या मात्रा मोकळ्या सोडल्या जातात. माझे कान सुरुवातीला सतत पुढच्या एकची वाट पाहत होते. टेबलाखाली बोटांवर मोजत राहिल्यावर तो दहाचा थांबा पकडता आला, आणि त्यानंतर सगळी रात्रच वेगळी वाटू लागली. जाण्याआधी घरी आठवडाभर सोलेआचं रेकॉर्डिंग लावून मोजायचा सराव करा. एवढी तयारी पुरते. आलेग्रिआस याच बारा मात्रांचं पण प्रसन्न, कादिसच्या समुद्रकाठचं. तांगोस चार मात्रांचा, पटकन कळणारा. सेगिरिया सर्वात गंभीर. त्यातही बाराच मात्रा, पण जोराच्या जागा निराळ्या.

माझ्या मनात राहिला तो मात्र गिटारशिवायचा एक मार्तिनेते. हा लोहारांच्या भट्टीशी जोडलेला प्रकार. साथीला वाद्य नसतं. पन्नाशीच्या पुढचा गायक खुर्चीवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून गायला. तुरुंग, गरिबी, आई, मृत्यू असे या गाण्यांचे विषय असतात आणि कडवी अवघी तीन-चार ओळींची. भाषा येत नसतानाही शेजारची जपानी बाई रडत होती, आणि माझीही स्थिती काही वेगळी नव्हती. अशा वेळी फोन वर धरून चित्रण करणाऱ्यांचं वाईट वाटतं. बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम चालू असताना चित्रणाला मनाईच असते आणि शेवटच्या सामूहिक बुलेरिआला परवानगी मिळते. तेवढं पुरेसं आहे.

दाद द्यायची ती आपल्या बैठकीतल्यासारखी. मनाला भिडलं की 'ओले' म्हणावं, तुकडा बंद झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात. तालाबरोबर टाळ्या मात्र वाजवू नका. व्यासपीठावरच्या टाळ्या, 'पाल्मास', हे शिकून येणारं काम आहे. बोटं तळव्यावर मारून काढलेला तीक्ष्ण आवाज आणि तळहात पोकळ ठेवून काढलेला दबका आवाज, दोन्ही ठरावीक जागी वापरतात. प्रेक्षकांतून कुणी साथ धरली की कलाकारांच्या चेहऱ्यावर ताण दिसतो.

वेळेचं म्हणाल तर एका रात्रीत दोन-तीन खेळ असतात आणि एक खेळ तासाभराच्या आसपास चालतो. शक्य असेल तर उशिराचा घ्या. पहिल्या खेळाला सहलींचे मोठे गट येतात. रात्री प्रेक्षक कमी, कलाकार मोकळे. माद्रिदमध्ये रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी सुरूच होत नाही, त्यामुळे संध्याकाळी थोडं खाऊन जावं. शाकाहाऱ्यांनी पातातास ब्राव्हास, पादरोनच्या तळलेल्या मिरच्या, टोमॅटो लावलेला पाव मागवावा. बटाट्याच्या तोर्तियामध्ये अंडं असतं. भाज्यांच्या पदार्थातही हॅमचे तुकडे निघतात, कारण 'मांस नको' म्हटल्यावर हॅम त्यात धरलं जाईलच असं नाही. 'सिन खामोन' असं वेगळं सांगा. घरच्या चवीची आठवण झाली तर लावापिएस भागात भारतीय आणि बांगलादेशी खानावळी आहेत.

राहायला सोल हा मध्यवर्ती चौक ते आंतोन मार्तिन या पट्ट्यात जागा पाहिलीत तर बहुतेक ताब्लाओंवरून रात्री चालत परतता येतं. आंतोन मार्तिन हे मेट्रोच्या पहिल्या मार्गावरचं स्थानक. तिथल्या मंडईच्या वर आमोर दे दिओस ही नावाजलेली फ्लॅमेंको नृत्यशाळा आहे. खाली मासे, भाज्या, चीज यांची दुकानं आणि वरून पायांचा ठेका; सकाळी तिथे एक फेरी माराच. नाचणारे असाल तर एखाद्या वर्गाची चौकशी करा. माझ्या मते त्यातून मिळतं ते कुठल्याही तिकिटातून मिळत नाही, कारण अंगात घेतल्याशिवाय त्या बारा मात्रांचं वजन कळत नाही. गिटारप्रेमींनी सोलजवळच्या काये दे ला पास रस्त्यावरचं होसे रामिरेस हे 1882 सालापासूनच्या घराण्याचं दुकान पाहावं. फ्लॅमेंकोच्या पारंपरिक गिटारची पाठ सुरूच्या लाकडाची असते. वजन हलकं आणि आवाज लख्ख, लगेच विरणारा. टाळ्या आणि पायांच्या आवाजातून आरपार जायला तो तसाच लागतो.

ताब्लाओखेरीज शरद ऋतूत माद्रिद प्रांताचा सुमा फ्लामेंका महोत्सव असतो आणि त्यात मोठी नावं नाट्यगृहांतून ऐकायला मिळतात. तारखा हातात असतील तर ऑक्टोबरच्या सुमारास जाणं चांगलं. जुलै-ऑगस्टच्या उन्हात दुपारी बाहेर पडवत नाही.

दिवस जास्त असतील तर आतोचा स्थानकावरून वेगवान गाडीने अडीच-तीन तासांत सेव्हिल गाठता येतं. तिथे सम वर्षांत सप्टेंबरमध्ये बिएनाल हा फ्लॅमेंकोचा महोत्सव भरतो. खेरेसचा महोत्सव फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये जातो आणि त्यात कार्यक्रमांबरोबर नृत्याचे वर्गही असतात. ते वर्ग जगभरातून येणारे विद्यार्थी काही महिने आधीच भरून टाकतात. शेंगेन व्हिसाच्या भेटीची वेळही लवकर मिळत नाही, तेव्हा खेरेस डोळ्यासमोर असेल तर दिवाळीतच तयारीला लागा.