ऑन्टारियो ते झायन, आय-१५ महामार्गाने: मोटारहोमच्या टायरवर पैसे कुठे घालावेत

लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं ऑन्टारियो, मग बारस्टो, बेकर, लास व्हेगास, सेंट जॉर्ज आणि शेवटी झायन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असलेलं स्प्रिंगडेल. अंतर सुमारे ३९० मैल. रस्ता उत्तम, पण उन्हाळ्यात टायरची खरी परीक्षा इथे होते. समृद्धी महामार्गावरच्या फुटलेल्या टायरांच्या बातम्या वाचलेल्यांना कारणं नव्याने सांगायला नकोत. हवा कमी, वजन जास्त, टायर जुना आणि सलग वेग. मोहावीच्या वाळवंटात त्यात भर पडते ती उन्हाची.

इथे धरलेली गाडी फोर्ड ई-४५० वरची क्लास सी मोटारहोम (व्हॅनच्या केबिनमागे राहायची खोली बांधलेली), म्हणजे भाड्याने सर्रास मिळते ती. मागे जोडचाकं, एकूण सहा टायर, माप एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई. या मापाचा टायर ८० पीएसआयला एकट्याने २,६८० पौंड पेलतो, जोडीत २,४७०. म्हणजे मागचे चार मिळून ९,८८० पौंड. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ९,६००. अ‍ॅक्सल मर्यादेपर्यंत भरला तर टायरची शिल्लक किती, तर २८० पौंड. संरक्षणाची महागडी साधनं बघण्याआधी हा आकडा डोक्यात पक्का बसवावा. ४० गॅलन पाणी ३३० पौंडांच्या वर जातं. त्यात तांदळाची पोती, कुकर आणि चार माणसांच्या सायकली मागच्या टोकाला टांगल्या, की शिल्लक संपली.

म्हणून पहिला थांबा काटा. ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. वजन करायला १५ डॉलरच्या आसपास लागतात आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. पाणी, इंधन आणि माणसं भरूनच गाडी चढवा, रिकाम्या गाडीचा आकडा कामाचा नाही. वजन मर्यादेला टेकत असेल तर पाण्याची टाकी पाव भरून निघा आणि मुक्कामी पोचल्यावर भरा.

टायरचं वय बाजूच्या भिंतीवरच्या डीओटी क्रमांकात असतं. शेवटचे चार आकडे बघायचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जोडचाकांत आतल्या टायरचा क्रमांक बऱ्याचदा आतल्या बाजूला जातो, त्यासाठी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागतं. मोटारहोम वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, सातच्या पुढे बदललेलं बरं. जुनी क्लास ए (बससारखी मोठी मोटारहोम) घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं: गुडइयर जी१५९ हा २७५/७०आर२२.५ मापाचा, १९९६ ते २००३ मध्ये बनलेला टायर २०२२ मध्ये परत बोलावण्यात आला. स्टेपनीच्या जागी अजून तो पडलेला नाही ना, तेवढं पाहा.

निघायचं पहाटे, आणि हवा भरायची तीही तेव्हाच, टायर थंड असताना. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर दिलेला दाब धरा, मागे तो बहुधा ८० असतो. काहोन घाट चार हजार फुटांच्या वर जातो, पुढे बारस्टोकडे उतार. तिथे थांबून गेज लावला तर ९० च्या वर दिसेल. तापलेल्या टायरची ही नेहमीची वाढ आहे. इथेच लोक घाबरून हवा सोडतात, आणि मग उरलेला प्रवास कमी हवेवर होतो. गरम टायरची हवा कधीही सोडू नका. उन्हाच्या बाजूचा टायर सावलीतल्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो, तेही चालतं. चिंता करायची ती एकाच जोडीतल्या दोन टायरांत पाचपेक्षा जास्त फरक असेल तर. कमी हवेचा टायर ओझं शेजाऱ्यावर टाकतो.

आता टीपीएमएस, म्हणजे टायरच्या दाबावर नजर ठेवणारं यंत्र. सहा सेन्सरचा संच साधारण २५० ते ४५० डॉलर, व्हॉल्ववर टोपीसारखा फिरवून बसतो. भाड्याच्या गाडीवर लावता येईल असं हे एकच साधन, काढून पुन्हा घरी नेता येतं. कमी दाबाचा इशारा थंड दाबाच्या १० टक्के खाली (८० ला ७२), जास्तीचा २५ टक्के वर (१००), तापमान १५८ फॅरनहाइट. जास्तीचा इशारा १५ टक्क्यांवर ठेवला तर बेकरच्या आधीच पिंपिं सुरू होते आणि मग चालक आवाजच बंद करतो. कटकटी दोन: जोडचाकाच्या व्हॉल्वला जोडलेल्या लवचीक लांब नळ्या गळतात, आणि रबरी व्हॉल्व जड सेन्सरच्या वजनाने चिरतो. स्वतःची गाडी असेल तर नळ्यांऐवजी धातूचे लांब, ताठ व्हॉल्व बसवून घ्या. व्हॉल्वच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ (धातू चिकटू न देणारा लेप) लावा, नाहीतर सेन्सर गंजून चिकटतो. नक्षीचा पट्टा सुटू लागला आणि हवा तशीच राहिली, तर हे यंत्र गप्प बसतं हेही लक्षात असू द्या. त्यासाठी प्रत्येक थांब्यावर टायरवरून हात फिरवायचा. फुगवटा हाताला कळतो.

बेकरला १३४ फुटी थर्मामीटर उभा आहे, १९१३ मध्ये डेथ व्हॅलीत नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटच्या आठवणीत. तिथून जवळपास ५० मैल, प्रिमपर्यंत, लांब चढ आणि मदत विरळ. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद ठेवा, वेग ५५-६०. टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय नको. स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवायचा. फुटलेलं चाक गाडीला आपल्या बाजूला ओढतं, इंजिनचा जोर ती ओढ तोडतो. गाडी सरळ झाली की हळूहळू वेग उतरू द्यायचा.

पुढचा टायर फुटल्यावर ही ओढ कमी करण्यासाठी स्प्रिंगवाला स्टिअरिंग स्टॅबिलायझर मिळतो. बसवणुकीसकट सातशे ते हजार डॉलर धरा. आधी अलाइनमेंट करून घ्या. तिरकी गाडी स्टॅबिलायझरने सरळ चालवली तर टायरची एक कड झिजते, आणि दोष झाकला जातो. सपाट रस्त्यावर तो मध्यावर आणायला तासभर लागतो. जड क्लास ए ला तो घ्यावा. क्लास सी ला घ्यायचा तर सगळ्यात शेवटी.

रिमच्या खोलगट भागात बसणारे धातूचे पट्टे हा आणखी महाग उपाय. हवा गेल्यावर टायरची कड त्या खड्ड्यात घसरू नये, एवढंच त्यांचं काम. ते करतातही. पण बसवायला टायर उतरवावा लागतो, आणि पुढे वाटेत टायर बदलायची वेळ आली तर ते काढायची हत्यारं आणि सराव प्रत्येक दुकानात नसतात. वाळवंटातल्या दुकानदाराने हात वर केले तर मुक्काम वाढला. शिवाय पट्टे बहुधा पुढच्या चाकांना बसवतात. क्लास सी ला खरा फटका मागून बसतो: फुटलेल्या टायरची पट्टी चाकावरचा पत्रा फाडते, वायरी आणि गॅसची नळी तोडते. तेवढ्याच पैशांत सहा नवे टायर येतात, अकराशे ते पंधराशे डॉलरमध्ये.

व्हेगासनंतर मेस्क्वीट आणि व्हर्जिन नदीची दरी. रस्ता वळणांचा आणि अरुंद, पण चढ सौम्य. परतीला काहोनचा उतार मात्र तीव्र. टो-हॉल (उतारावर इंजिनाने वेग आवरणारं गिअरचं बटण) चालू ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक तापले की रिम तापते, आणि तीच उष्णता टायरच्या कडेला लागते.

भाड्याच्या करारात टायर आणि गाडीखालचं नुकसान विम्यात आहे का, ते सही करण्याआधी वाचा. स्टेपनी आहे की नाही हेही विचारा. चाक बदललंच तर नट फोर्डच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळा आणि १०० मैलांनी पुन्हा तपासा. जोडीतला एक फुटला असेल तर दुसराही काढून आतून बघून घ्या, त्यानेही थोडा वेळ दुप्पट ओझं वाहिलेलं असतं.