ब्रोशरवरचे ३,५०० किलो आणि काट्यावरचं वजन

पिकअपच्या ब्रोशरवर ‘टोइंग क्षमता ३,५०० किलो’ असं वाचून लोक बोट नाहीतर जनरेटरचा ट्रेलर ठरवून मोकळे होतात. पण हा आकडा जवळजवळ रिकाम्या गाडीचा असतो. अमेरिकेतल्या एसएई जे२८०७ या मानकाची चाचणी कडक आहे: ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू. पण त्यातही गाडीत ड्रायव्हर आणि एकच माणूस धरलेला असतो. आपल्याकडे चौघं बसतात, हौद्यावर कॅनॉपी असते, आत सामान असतं. इंजिनाची ताकद सहसा पुरते. आधी संपते ती पिकअपची स्वतःची भार पेलायची क्षमता.

आरसीवर अनलेडन (रिकाम्या गाडीचं वजन) आणि लेडन (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) असे दोन आकडे असतात. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे अनलेडन वजनात ड्रायव्हर येत नाही. तिसरा आकडा जीसीडब्ल्यू, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

समजा अनलेडन १,९५०, लेडन २,९०० आणि जीसीडब्ल्यू ५,५०० किलो आहे. म्हणजे गाडीवर ९५० किलो चालतील. चार माणसं ३००, कॅनॉपी ९०, ट्रेलर जोडायची हिच ३०, हत्यारं आणि बर्फाची पेटी १००. उरले ४३०. गाडी आता २,४७० किलोची झाली, त्यामुळे जीसीडब्ल्यूच्या हिशोबाने ट्रेलरला ३,०३० किलोच राहतात. ब्रोशरवरचे ४७० किलो इथेच गेले.

आता हिचवरचा भार. हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जोडलेला ट्रेलर सरळ चालायला हवा असेल तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा लागतो. ३,००० किलोच्या ट्रेलरला तो ३०० ते ४५० होतो. म्हणजे १५ टक्क्यांना उरलेले ४३० किलोही पुरत नाहीत. शिवाय बॉल आणि हिचवर ठोकलेली मर्यादा वेगळी असते; सगळ्यांत लहान आकडा असेल तोच खरा धरायचा.

हा भार मागच्या एक्सलच्याही मागे पडतो, हे बरेच जण विसरतात. व्हीलबेस ३ मीटर असेल आणि बॉल एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर ३०० किलोच्या भाराने मागच्या एक्सलवर ४२० किलो वाढतात आणि पुढच्यावरचे १२० उतरतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, पुढच्या चाकांची पकड कमी होते. पावसाळ्यात पनवेल-पेण रस्त्यावर अचानक ब्रेक मारावा लागला की हे कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. स्प्रिंगचे जादा पाटे टाकून मागची बाजू वर आली तरी एक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. आरसीवरचा आकडा त्याने वाढत नाही.

उलट भार १० टक्क्यांच्या खाली गेला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलतो. बोटींत हे जास्त होतं, कारण आउटबोर्ड इंजिन मागच्या टोकाला असतं. बोटीच्या जाहिरातीतल्या वजनात इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर बहुधा धरलेले नसतात. २०० लिटर पेट्रोल म्हणजेच जवळपास १५० किलो. ट्रेलर डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरच्या ब्रेकला वेगळा हाताचा कंट्रोल असेल तर तेवढाच हलकेच लावा.

अंदाजावर राहू नका, कळंबोली किंवा भिवंडीकडच्या ट्रकच्या वजनकाट्यावर जा. ट्रेलर जोडलेला ठेवून फक्त पिकअपची चारही चाकं काट्यावर घ्या; हे लेडनच्या आत हवं. मग सगळं एकत्र. हे जीसीडब्ल्यूच्या आत हवं. शेवटी ट्रेलर सोडून पिकअप एकटी. पहिल्या आणि तिसऱ्या वजनातला फरक म्हणजे हिचवरचा भार. माणसं आणि सामान तिन्ही वेळा तेवढंच ठेवा.

घरी मोजायचं तर फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं साध्या वजनकाट्यावर टेकवा, दोन टेकूंमध्ये ३ फूट अंतर ठेवा. काटा फळीसकट शून्यावर आणा. ट्रेलरला चाकांपाशी उट्या (अडवायचे ठोकळे) लावून त्याचा दांडा विटेपासून १ फुटावर टेकवा. येईल त्या आकड्याला ३ ने गुणा.

बॉलचं मापही तपासा. दोन इंची कपलर (बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी) ५० मिमीच्या बॉलवर बसतो, पण ढिला बसतो आणि खड्ड्यात उसळतो. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या बांधा, म्हणजे कपलर निसटला तर दांडा त्यांच्यावर झेलला जातो.

बोर घाट उतरताना घाटमाथ्यावरच खालचा गिअर घ्या, ब्रेक गरम झाल्यावर नाही. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर १४० लाच. मुंबईच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदला.

वजन जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो.