बाळूला पाण्याची भीती नव्हतीच

पहिली दोन वर्षं आमच्याकडे बाळूची, म्हणजे आमच्या कुत्र्याची, आंघोळ म्हणजे एकाने धरायचं, एकाने दार अडवायचं आणि एकाने पाणी ओतायचं असा प्रकार होता. दादा पट्टा धरून उभा, आई दारात, आणि मी मग घेऊन. बाथरूममधला नळ सोडल्याचा आवाज आला की बाळू पलंगाखाली जाऊन बसायचा आणि तिथून ओढून काढताना त्याची नखं फरशीवर घासल्याचा जो आवाज यायचा ना, तो मला अजून आठवतो. एवढा २८ किलोचा लॅब्रॅडॉर, पण बाथरूममध्ये शेपूट पोटाखाली आणि सगळं अंग थरथर. आम्ही धरून चाललो होतो की ह्याला पाणी आवडत नाही. आणि हाच बाळू पावसात डबकं दिसलं की त्यात जाऊन बसायचा, उठायलाच तयार नसायचा. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हा प्रश्न मला दोन वर्षं पडला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मग एकदा पाणी ओतता ओतता माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. टाइल्सवर फेसाचं पाणी, आणि त्याचे चारही पाय हळूहळू चार दिशांना फाकत चाललेले, तो नखं रोवायला बघतोय पण रोवणार कशात, आणि वरून आम्ही पट्टा ओढतोय. तो पाण्यापासून पळत नव्हता, त्याला उभंच राहता येत नव्हतं! डबक्यात खाली माती असते, तिथे पाय धरतात, एवढाच काय तो फरक.

पुढच्या वेळी खाली जाड रबरी मॅट टाकली. शॉवर बंद केला, कारण त्याचा आवाज बंद बाथरूममध्ये खूप घुमतो आणि कुत्र्याला आपल्यापेक्षा किती जास्त ऐकू येतं ते तुम्हाला माहितीये. बादली आणि पाण्याचा मग, बस. पण मॅट टाकली आणि बाळू हसत हसत आला असं झालं नाही, दोन वर्षांची धास्ती एका मॅटने जात नाही. साधारण तीन आठवडे आम्ही त्याला आंघोळ घातलीच नाही. रोज कोरड्या बाथरूममध्ये मॅटवर उभा राहिला की खाऊ, बाहेर. दार उघडंच. मग नळ सुरू असताना खाऊ. मग फक्त पुढचे पंजे ओले. ज्या दिवशी तो मागे सरकला त्या दिवशी तिथेच थांबलो, जबरदस्ती नाही. आईला आधी हे फार लाडाचं वाटलं, पण नंतर तिनेच दादाला सांगितलं की पट्टा सोड, उभा राहतोय तो.

आता बाकीचं सांगते, कारण मॅटनंतर एकेक गोष्ट नीट शिकत गेले आणि प्रत्येक ठिकाणी आधी आम्ही उलटंच करत होतो.

सगळ्यात आधी विंचरणं, आणि ते आंघोळीच्या आधी, नंतर नाही. लॅब्रॅडॉरला दुहेरी केस असतात, वरचे जाड राठ केस आणि खाली मऊ लोकरीसारखा अंडरकोट. गळलेला अंडरकोट आतच अडकून राहतो, त्यावर पाणी घातलं की तो भिजून चिकटतो, पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही आणि वाळायला तर दिवस लागतो. म्हणून आधी रबरी ब्रशने गोल गोल, मग अंडरकोटची दात्यांची फणी हलक्या हाताने, केसांच्या दिशेने. ऋतू बदलताना एका बैठकीत जेवढे केस निघतात ते बघून नवीन माणूस घाबरेल, पण ते नॉर्मल आहे. माझ्या मैत्रिणीकडे लांब केसांची झिपरी कुत्री आहे, तिच्या कानामागे, बगलेत आणि पट्ट्याखाली जटा होतात, आणि जट ओली झाली की अजून आवळते. जट सोडवताना तिच्या आणि कातडीच्या मध्ये आपली बोटं धरायची म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून सुरू करायचं, मुळाकडून नाही. थोडं कॉर्नफ्लोअर चोळलं की सुटायला सोपं जातं. कात्री मात्र अजिबात नको, जटेत कातडी ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही, केस कापतोय असं वाटतं आणि कातडी कापली जाते. फारच घट्ट असेल तर सरळ ग्रूमरकडून मशीनने काढून घ्या.

आणि हो, उन्हाळा आला की "त्याला गरम होत असेल, टक्कल करून टाका" असं सांगणारे भेटतात. दुहेरी केसांच्या कुत्र्याचं असं करू नका प्लीज. तो कोट उन्हापासूनही वाचवतो, आणि कुत्र्याला अंगभर आपल्यासारखा घाम येतच नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो आणि थोडाफार घाम पंजांच्या गाद्यांना येतो. त्यामुळे केस काढून त्याला थंडावा मिळत नाही, उलट कातडी भाजू शकते, आणि काही कुत्र्यांचे केस परत येतच नाहीत किंवा चट्ट्याचट्ट्याने येतात. गळलेला अंडरकोट काढला की हवा खेळते, तेवढं पुरतं.

शॅम्पू. सुरुवातीला आम्ही घरात होता तोच वापरायचो, माणसांचा. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास म्हणजे आम्लाकडे झुकलेला, कुत्र्याचा ७ च्या जवळ. शिवाय त्यांच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा खूप पातळ असतो, पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर, आपल्याकडे १० ते १५. केसांमुळे आपल्याला ती जाड वाटते पण ती नाजूक आहे. आपला शॅम्पू त्यांच्या त्वचेला कोरडं करतो, मग खाज, कोंडा, आणि मग कोंडा झाला म्हणून आपण परत आंघोळ घालतो. आमचं हेच चक्र चालू होतं, दर आठवड्याला. आता महिन्याला एकदा, कधी दीड महिन्याने, मधे कशात तरी लोळून आला तरच वेगळं. कुत्र्यांचाच शॅम्पू आणायचा, साधा, उग्र वासाचा नको. टी ट्री ऑइल नैसर्गिक आहे म्हणून घरी थेंब टाकायला जाऊ नका, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं, आणि ते नंतर अंग चाटतात हे विसरू नका.

एक छोटी गोष्ट जिने माझं काम निम्मं केलं, शॅम्पू थेट अंगावर न ओतता मगभर पाण्यात कालवून मग घालायचा. सगळीकडे सारखा पोचतो आणि धुवायला सोपा. धुणं हेच खरं काम आहे. जेवढा वेळ शॅम्पू लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ मी धुते, बगला, पोट, मांडीची आतली बाजू, पंजाच्या बोटांमधली जागा, तिथेच शॅम्पू राहतो आणि दोन दिवसांनी तो तिथेच चाटत बसतो. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला असेल तर गोष्ट वेगळी, तो साधारण १० मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, लावला आणि धुतला असं केलं तर उपयोग नाही. त्या १० मिनिटांत मी खाली बसून त्याच्या छातीला चोळत राहते, मग तो उभा राहतो.

पाणी कोमट, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून काहीच वाटलं नाही पाहिजे असं. सुरुवात पायांपासून, मग पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी, तेसुद्धा ओल्या कपड्याने पुसून, पाणी ओतून नाही. मान आणि डोकं भिजलं की ते अंग झटकणारच. २०२४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या मानेच्या मागे तेलाचे थेंब टाकून बघितलं होतं, केसांच्या मुळाशी असलेल्या अगदी हलका स्पर्श ओळखणाऱ्या नसांमुळे हे झटकणं सुरू होतं असं त्यांना आढळलं. आणि झटकण्याचा वेग तर बघा, २०१२ च्या जॉर्जिया टेकच्या अभ्यासात लॅब्रॅडॉर सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा अंग फिरवतो असं मोजलंय. त्याला "ए थांब" म्हणून दाबून धरण्यात काही अर्थ नाही, त्याच्या अंगातच ते आहे. मी आता मधे थांबते, टॉवेल आडवा धरते, झटकू देते, मग पुढे. पिसवा झाल्या असतील तर मात्र सुरुवात मानेपासून करायची, मानेभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर अंगावर पाणी पडलं की त्या सगळ्या तोंडाकडे आणि कानात पळतात.

आता कान, यावर मी जरा जास्त बोलणार. आमच्या बाळूला वास यायचा, आणि वास येतो म्हणूनच तर दर आठवड्याची आंघोळ चालली होती. वास अंगाचा नव्हता. डाव्या कानाचा होता. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांमध्ये हे खूप होतं कारण हवा लागत नाही, आणि त्यांच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते, आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, एल अक्षरासारखी. त्यात आंघोळीचं पाणी गेलं की ओल राहते आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढते. म्हणजे आम्ही वास घालवायला आंघोळ घालत होतो आणि आंघोळीनेच तो वाढवत होतो. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं, तीन आठवडे घातलं, वास गेला. आता आंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी कापसाचा बोळा सैलसा ठेवते आणि नंतर आठवणीने काढते. कान साफ करायला डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर कानात घालायचं, बुडाशी हलकं चोळायचं, आतून पचपच आवाज येतो, मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि बाहेर आलेला मळ कापसाने पुसायचा. काडीला कापूस लावून आत घालू नका, मळ त्या वळणात अजून आत ढकलला जातो. कान लाल असेल, तपकिरी मळ येत असेल, मान तिरकी धरत असेल किंवा हात लावू देत नसेल तर घरी काहीच घालायचं नाही, पडदा फाटला असेल तर साधं क्लीनरही आत नुकसान करतं. आधी डॉक्टर.

वाळवणं पटकन सांगते. टॉवेल घासायचा नाही, दाबायचा. ड्रायर असेल तर थंड हवेवर आणि लांबून, आणि तोही आधी ओळख करून. मुळाशी ओल राहिली तर लॅब्रॅडॉरसारख्या दाट केसांत एका रात्रीत लाल चिघळलेला चट्टा उठू शकतो, हॉटस्पॉट म्हणतात त्याला, आम्ही एकदा भोगलंय. तेव्हा बोटांनी केस उलटे करून कातडीला हात लावून बघायचं, वरून कोरडं दिसतं ते फसवं असतं.

गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर, सावकाश, न पिरगाळता. जाळायचा नाही, त्यावर तेल रॉकेल काही ओतायचं नाही. ग्लोव्ह्ज घाला, गोचीड बोटांनी चिरडू नका. गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया असे रक्तातले आजार येतात, म्हणून काढल्यावर पुढचे दोन तीन आठवडे ताप, सुस्ती, जेवण कमी होणं यावर लक्ष. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर आंघोळ त्याच्या दोन दिवस आधी किंवा दोन दिवस नंतर, पाकिटावर बघून घ्या. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपासही नको, मांजरीचा जीव जाऊ शकतो.

हे गोचीड शोधता शोधताच मला ती गाठ लागली. उजव्या बरगडीखाली, सुपारीएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी. आधीच्या आंघोळींमध्ये ती होती का नव्हती मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा आम्ही त्याला धरत होतो, हात फिरवत नव्हतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरांनी सुईने थोडा भाग घेऊन काचेवर तपासला, चरबीची गाठ निघाली, लायपोमा, धोक्याची नाही, पण मोजत राहा म्हणाले. आता एक वही केलीये, दर आंघोळीला तारीख आणि गाठ केवढी ते लिहिते. सोबत हिरड्यांचा रंग, पंजांच्या गाद्यांना भेगा आहेत का, शेपटीखाली काही सूज, सगळं बघते. तो मॅटवर निवांत उभा असतो म्हणून हे बघता येतं.

राहिली नखं, आणि ती आमची अजून कच्ची बाजू. फरशीवर चालताना टकटक आवाज येतो म्हणजे वाढलीत, आणि वाढलेल्या नखांनी पंजाची ठेवण आणि चालच बदलते. बाळूची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून एका वेळी मिलीमीटरभरच कापायचं आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा, मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबायचं. थोडं थोडं वरचेवर कापत राहिलं की शीरही मागे हटते. शीर कापली गेलीच तर रक्त थांबवायला स्टिप्टिक पावडर हाताशी, नसली तर कॉर्नफ्लोअर. पंजाच्या आतल्या बाजूचं वरचं नख विसरू नका, ते जमिनीला लागतच नाही त्यामुळे झिजत नाही आणि वळून मांसात घुसतं. पूर्वी एकदा घाईत मी शीर कापली होती, तेव्हापासून कटर दिसला की तो पंजा ओढून घेतो, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून परत मॅटसारखंच, कटर नुसता दाखवायचा, खाऊ, मग नखाला टेकवायचा, खाऊ, आणि एका दिवशी एकच नख. आज मागच्या डाव्या पायाचं दुसरं झालं, दोन राहिलीत.